वेगळी चूल

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची सोसायटी आता तोंडपाठ झाली असेल. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा, काही म्हणजे काही आम्ही सांगायचे ठेवलेले नाही. तेव्हा दिवाळी अंकात तरी सोसायटी नको, जगातले काहीतरी लिहा, असे संपादकांनी बजावले होते व आम्ही ते कबूलही केले होते. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर सोसायटीचे हिशेबच कुलूपबंद झाले, चिटणीस पडलो आम्ही, आणि त्या कुलपाचा माग काढता काढता आम्ही मनाने बोस्टन, स्वीडन आणि बर्लिन इथवर जाऊन आलो. संपादकांनी आता तक्रार करू नये.

झाले ते असे. गेली अकरा वर्षे आमचे हिशेब एका तयार प्रोग्राममध्ये ठेवले जातात. तो आम्ही रोख पैसे मोजून, पावती घेऊन विकत घेतला होता. निदान आमची तशी समजूत होती. यंदा श्रावणात जुना संगणक निवर्तला. नव्यावर प्रोग्राम चढवू गेलो, तर कंपनीकडून निरोप आला की, जुनी आवृत्ती बंद झाली, आता दर वर्षाला भाडे भरावे लागेल. बरे, भाडे नको, निदान जुनी फाइल तरी उघडू द्या! तर तीही उघडेना, कारण ती वाचण्याची विद्या त्या एका प्रोग्रामलाच अवगत. म्हणजे आकडे आमचे, थकबाकीदार आमचे, लिफ्टच्या तेलाचा खर्च आमचा, आणि ते वाचण्याची परवानगी मात्र तिसऱ्याच्या खिशात!

आमची पुतणी पुण्याला हिंजवडीत असल्याच कामात आहे. ती फराळाला आली तेव्हा आम्ही हे गाऱ्हाणे तिच्या पुढ्यात ठेवले. चकलीचा तुकडा मोडता मोडता तिने निकाल दिला, "एक वर्षाचं भाडं भरून टाका काका. सगळे आकडे साध्या तक्त्यांत बाहेर काढा आणि लिब्रेऑफिसमध्ये ठेवा. पुन्हा त्यांच्या दाराशी जायला नको."

"ते कितीला पडते?"

"त्याला पैसे नाहीत."

फुकट म्हटले की आम्हा मध्यमवर्गीयांच्या मनात आनंद आणि संशय एकदमच उभे राहतात. आमचा चेहरा पाहून ती म्हणाली, "फुकट आहे म्हणून नाही हो सांगत, मुक्त आहे म्हणून सांगते." इंग्रजांकडे या दोन्ही गोष्टींना मिळून एकच शब्द आहे, आणि त्यापायी त्यांनी चाळीस वर्षे वाद घातला आहे. आपल्याकडे दोन शब्द असून आपण नेमका चुकीचा उचलतो.

मुक्त म्हणजे काय, हे तिने आम्हाला दोन चकल्या आणि एक करंजी एवढ्या वेळात समजावले. प्रत्येक प्रोग्रामची मूळ लिखावट असते, तिला ही मंडळी सोर्स कोड म्हणतात. विकणारा ती स्वतःजवळ ठेवतो व आपल्याला फक्त तयार जिन्नस देतो. साधारण १९८० च्या सुमारास बोस्टनजवळच्या एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक गृहस्थ होते. तिथल्या नव्या छपाईयंत्रात कागद अडकायचे. आधीच्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की संबंधितांना निरोप जावा. नव्याची लिखावट मागितली तर ती मिळेना, आणि दुसऱ्या विद्यापीठातील ज्या प्राध्यापकांकडे ती होती ते कंपनीला गुप्ततेचे वचन देऊन बसलेले. माणूस हट्टी. त्याने १९८३ मध्ये जाहीरच केले की, मी सगळी सामग्री नव्याने लिहीन आणि सर्वांना देईन. पुढे १९८९ मध्ये त्याने एक परवाना लिहिला, त्याला जी.पी.एल. म्हणतात. वापरा, बदला, विका, वाटा. अट एकच : ज्याला द्याल त्याला लिखावटीसकट आणि याच हक्कांसकट द्या. लेखनहक्काचा कायदा लोकांना अडवण्यासाठी असतो, तोच त्याने अडवणाऱ्याला अडवण्यासाठी उलटा फिरवला. वकिलांनीसुद्धा दाद द्यावी अशी ही युक्ती आहे.

या परवान्यातून एक हक्क निघतो, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा तोच. मूळ मालकाशी पटेनासे झाले की लिखावटीची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते. नाव तेवढे बदलावे लागते. या लिब्रेऑफिसचाच इतिहास पाहा. मूळ पदार्थ जर्मनीतल्या एका कंपनीचा. १९९९ मध्ये तो अमेरिकेतल्या सन कंपनीने घेतला व २००० साली ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० च्या जानेवारीत सनलाच ओरॅकलने गिळले. नव्या मालकाच्या हेतूंविषयी कारागिरांच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्याच सप्टेंबरात त्यांतले बरेच जण बाहेर पडून बर्लिनच्या आश्रयाने वेगळे राहू लागले. तेच हे लिब्रेऑफिस. ओरॅकलने पुढच्याच वर्षी ओपनऑफिस दुसऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. घर ताब्यात आले होते, पण नांदणारे निघून गेले होते.

ओरॅकलच्या त्याच घासाबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्या पोटात गेली, आणि तिची कथा अधिक रंगतदार आहे. मायकेल विडेनियस हे फिनलंडचे गृहस्थ, लोक त्यांना माँटी म्हणतात. त्यांनी दोन सोबत्यांसह १९९५ मध्ये स्वीडनमध्ये माहिती साठवण्याचा एक प्रोग्राम काढला आणि त्याला थोरल्या मुलीचे नाव दिले. तिचे नाव रोमन लिपीत असे लिहितात की इंग्रजी वाचणारा ते 'माय' असे वाचतो. म्हणून मायएसक्यूएल. मराठी माणसाला त्यात आई दिसेल, पण ती लेक आहे. फेसबुक काय किंवा विकिपीडिया काय, सगळे याच लेकीच्या खांद्यावर उभे राहिले. कंपनीचा धंदाही मोठा नामी होता. जो आपली लिखावट खुली ठेवील त्याला हा प्रोग्राम जी.पी.एल.खाली मोफत, ज्याला आपली लिखावट झाकायची असेल त्याने पैसे टाकून वेगळा परवाना घ्यावा. झाकण्याचे पैसे! आम्हाला ही कल्पना फार आवडली.

२००८ च्या जानेवारीत सन कंपनीने हा सगळा संसार सुमारे एक अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. वर्षभराने माँटीसाहेब तिथून बाहेर पडले, आणि थोड्याच दिवसांत सनलाच ओरॅकल घेणार असल्याची बातमी आली. ओरॅकलचा धंदा माहिती साठवण्याच्या प्रोग्रामचाच. लेक सवतीच्या घरी निघाली, असे म्हणून माँटींनी आकाशपाताळ एक केले. युरोपीय आयोगाकडे अर्ज झाले, सह्या गोळा झाल्या. आयोगाने चौकशी करून २०१० च्या जानेवारीत सौद्याला संमती दिली.

इथे आम्हाला स्पष्ट बोलू द्या. एक अब्जाला घर विकायचे आणि पुढचा मालक कोण असावा हेही आपणच ठरवायचे, हे आम्हाला पटत नाही. आमच्या चाळीत कोणी असे करता तर आम्ही त्याला चार शब्द सुनावले असते. पण माँटींनी नुसता आरडाओरडा केला नाही. जी.पी.एल.ची लिखावट उघडी होतीच. तिची प्रत घेऊन त्यांनी २००९ मध्येच वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचे नाव दिले : मारियाडीबी. २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाचे बिऱ्हाड या धाकटीकडे हलले. घर विकले गेले, तरी कोणाला रस्त्यावर यावे लागले नाही.

आता गंमत ऐका. याच माँटींनी पुढे एक नवा परवाना रचला. लिखावट सर्वांना दिसेल, पण तिचा हवा तसा धंदेवाईक वापर काही वर्षे करता येणार नाही. मुदत संपली की ती आपोआप मुक्त होईल. मुदतीचे कुलूपच म्हणा. त्यांच्या मारियाडीबी कंपनीने २०१६ मध्ये आपल्या एका प्रोग्रामला ते लावले. वेगळी चूल मांडणाऱ्यानेच शेवटी चुलीपुढे जाळी बसवली!

आणि ते कुलूप चालले. हॅशिकॉर्प नावाच्या अमेरिकन कंपनीचा टेराफॉर्म हा प्रोग्राम भाड्याच्या संगणकांची मांडामांड करण्यासाठी जगभर वापरतात. वर्षानुवर्षे तो मुक्त होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याला हेच चार वर्षांचे कुलूप ठोकले. महिना-दीड महिन्यात लोकांनी जुनी लिखावट घेऊन ओपनटोफू नावाची चूल मांडली. पुढे कंपनी आय.बी.एम.ने ६.४ अब्ज डॉलरला घेतली. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिस या प्रोग्रामने परवाना बदलला. आठवडाभरात व्हॅल्की ही चूल पेटली, आणि तिला सरपण पुरवणाऱ्यांत ॲमेझॉन, गूगल यांच्या जोडीला कोण असावे? ओरॅकल! रेडिसच्या मालकांनी २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. पण एकदा वेगळे झालेले बिऱ्हाड सहजी परत येत नाही, हे कोणत्याही सुनेला विचारावे.

या कंपन्यांना नुसते लबाड म्हणून मोकळे व्हायची आमची तयारी नाही. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही रस्त्यावर पाणपोई घातली, आणि शेजारचा श्रीमंत टँकर लावून तेच पाणी घरोघर विकतो आहे. ॲमेझॉनसारखे भाड्याने संगणक देणारे खरोखरच असे करतात, आणि परवान्याप्रमाणे त्यांना ते करता येते. राग येणे साहजिक आहे. पण त्या पाणपोईत घागरी ओतणारे पुष्कळ असतात. कोणी चुका दुरुस्त केल्या, कोणी भर घातली, ती पाटीवर 'सर्वांसाठी' असे लिहिले होते म्हणून. गर्दी जमेपर्यंत ती पाटी, आणि जमल्यावर दुसरी, हा व्यवहार सरळ नव्हे. पाटी बदलणे त्यांना जमते कसे, असे आम्ही पुतणीला विचारले. ती म्हणाली, काही परवाने मुळातच इतके सैल असतात की पुढची लिखावट कोणालाही झाकता येते. जिथे ते तसे नसतात, तिथे अनेक कंपन्या भर घालणाऱ्याकडून आधीच एका कागदावर सही घेतात, की याचे पुढे काय करायचे ते कंपनी ठरवील. सही करताना कोणी वाचत नाही. आम्हीही तो हिशेबाचा प्रोग्राम घेताना 'मान्य आहे' यावर बोट ठेवून मोकळे झालो होतो.

याच्या उलट लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये सुरू केले आणि पुढल्या वर्षी जी.पी.एल.खाली आणले. त्यात हजारो माणसांची लिखावट आहे आणि ज्याच्या त्याच्या ओळीवर ज्याचा त्याचा हक्क शाबूत आहे. पुण्यातल्या पेठेतला वाडा आठवा. चाळीस वारसदार, एक नागपूरला, एक न्यू जर्सीत, आणि सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय विक्री नाही. वाड्याच्या बाबतीत आपण कपाळावर हात मारतो. लिनक्सला तेच वरदान ठरले आहे. आय.बी.एम.ने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर सेवा पुरवणारी कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. एवढ्या पैशात त्यांना माणसे मिळाली, गिऱ्हाइके मिळाली, तांबडी टोपी मिळाली. लिनक्स मिळाले नाही, कारण ते विकायला कोणीच अधिकारी नव्हता.

मात्र वेगळ्या चुलीलाही सरपण लागते, आणि ते कोण आणतो? २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्राममध्ये मोठे भोक सापडले. जगातल्या कितीतरी बँका आणि दुकाने त्याचेच कुलूप वापरत होती. तेव्हा उघडकीस आले की, त्याची देखभाल करणाऱ्या मंडळींना वर्षाकाठी देणगी मिळे ती सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच. आमच्या सोसायटीच्या रखवालदारावर याहून जास्त खर्च होतो, आणि एकाने भागत नाही म्हणून आम्ही दोन ठेवले आहेत.

असो. आम्ही एक वर्षाचे भाडे भरले, मनातल्या मनात शिव्या मोजल्या, आणि पुतणीने वसुबारसेच्या रात्री बसून अकरा वर्षांचे आकडे लिब्रेऑफिसमध्ये उतरवून दिले. सगळे जुळले. २०१७ च्या रंगकामाची वर्गणी एका सभासदाने भरलीच नसल्याचेही निघाले. तो सभासद चिटणीस होता. रक्कम त्याच दिवशी भरली आहे, पावती पाहायला मिळेल.

पाडव्याच्या संध्याकाळी कमिटी जमली असता पुतणीने सुचवले की, बर्लिनच्या त्या संस्थेला काहीतरी पाठवावे. खजिनदारांनी चष्मा वर केला. "फुकट वस्तूचे पैसे कोणत्या खात्यावर टाकू? आणि परदेशी देणगी म्हटल्यावर लेखापरीक्षक मला सोडील का?" प्रश्न रास्त होता. तेव्हा सोसायटीच्या पैशाला हात न लावता गणपतीसारखी वर्गणी काढायचे ठरले. ती पुतणीच आपल्या नावाने पाठवणार होती. नऊ बिऱ्हाडांनी शंभर-शंभर रुपये दिले. दोघांनी, फुकट आहे तर फुकट राहू द्या, असे सांगून दार लावून घेतले. दुसऱ्या मजल्यावर जायला आम्ही कचरत होतो, कारण कुत्र्याविषयी या सदरात जे लिहिले ते त्यांनी वाचले असणार. त्यांनी दार उघडले, सगळे ऐकून घेतले, पाचशेची नोट काढली आणि पावतीवर कुत्र्याचे नाव लिहायला सांगितले.