बोलणाऱ्या बाईचे बाळंतपण

मुंबईतील एखाद्या चाळीच्या किंवा झोपडवस्तीच्या सभेत पहिल्या रांगेतून उठून अधिकाऱ्याला खडसावणारी बाई चळवळीतील कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. नळ चार दिवस कोरडा पडला, रेशनच्या दुकानात धान्य आले नाही, कंत्राटदाराने मजुरी बुडवली, की मोर्च्याची पहिली हाक तीच देते. पुढे एक दिवस ती सभेला दिसेनाशी होते. चौकशी केली तर ‘ती बाळंत झाली’ एवढेच उत्तर मिळते आणि प्रश्न मिटल्यासारखे सगळे मान डोलावतात. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे काही महिने फुली पडत राहते. नंतर नावच गळते. तिच्या शेजारी उभा राहून घोषणा देणारा तिचा नवरा मात्र बाप झाल्यावरही बैठकीला येत राहतो. तेथे पेढे वाटले जातात, त्याचे अभिनंदन होते. एका मुलाच्या जन्माने आईचे सार्वजनिक आयुष्य संपावे आणि बापाच्या सार्वजनिक आयुष्यात एका बैठकीचाही खंड पडू नये, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती समाजाने केली आहे, आणि समाजाने केलेली वाटणी समाजाला बदलता येते.

भारतीय समाजाने मातृत्वाचा जेवढा गौरव केला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा केला असेल. परंतु या गौरवाची एक अट आहे. आईने सोसावे, देत राहावे आणि बोलू नये. स्पष्ट बोलणारी मुलगी घराला खटकते, स्पष्ट बोलणारी सून सासरला खटकते. पण स्पष्ट बोलणारी आई साऱ्या समाजालाच खटकते. लग्न होईपर्यंत तिला सांगितले जाते की, सासरी गेल्यावर तोंड आवर. लग्नानंतर जे साधले नाही ते मुलाच्या पाळण्यापाशी साधले जाते. ‘आता तरी गप्प बस, पदरात मूल आहे,’ हे वाक्य सासू म्हणते, मुकादम म्हणतो, पोलीस ठाण्यातील हवालदारही म्हणतो. मूल हे तिच्या शांततेसाठी ठेवलेले तारण होऊन बसते. मोर्च्यात ती लाठी खाऊ शकते, तुरुंगातही जाऊ शकते. पण ‘मुलाचे काय?’ या एका प्रश्नापुढे तिची वाचा बसते. आणि हा प्रश्न मुलाच्या बापाला कोणी विचारीत नाही.

महानगरात या कोंडीला आणखी धार येते. शहर स्त्रीला थोडी मोकळीक देते, हे खरे आहे. गावच्या पंचक्रोशीची नजर येथे नसते, नोकरी मिळते, संघटना भेटते. पण ज्या शहराने तिला बोलायला शिकवले तेच शहर बाळंतपणात तिला एकटे पाडते. दहा बाय बाराच्या खोलीत मूल सांभाळायला सासू-आई असतेच असे नाही. असली तर तिला निजायला जागा नसते. म्हणून मुंबईच्या कष्टकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या एक तोडगा काढला. तान्हे मूल कोकणात किंवा घाटावर आजीकडे ठेवायचे आणि आईने कामावर परतायचे. या तोडग्याची किंमत किती आयांनी आणि किती मुलांनी मोजली, त्याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात मांडला गेलेला नाही. उपनगरी गाड्यांतून दिवसाचे तीन-चार तास जातात, सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ मुतारी मिळत नाही. त्यासाठी मुंबईतील स्त्रियांना २०११ पासून मोहीम चालवावी लागली. जेथे लघवीला जाण्याची सोय मागण्यासाठी आंदोलन करावे लागते, तेथे गरोदर आणि लेकुरवाळ्या बाईची काय कथा!

या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या कामगार चळवळीला नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले, आणि या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हा मुद्दा पुढे आणला. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पण त्याचा बोजा मालकावर पडला आणि मालकाने आपला मार्ग शोधला. बाईच ठेवायची नाही, हा तो मार्ग. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांत जवळपास एक बाई होती. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण घटत घटत नगण्य झाले. नवी यंत्रे आली, स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी होती, आणि बाळंतपणाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती तर होतीच. ज्या खात्यांत बाया सूत गुंडाळीत होत्या तेथील जागा आधी कमी झाल्या. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा गिरणीतील बाई जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

या इतिहासातून घ्यावयाचा धडा साधा आहे. मातृत्वाची किंमत एकेका मालकावर टाकली तर तो ती बाईकडूनच वसूल करतो. तरीही स्वतंत्र भारताचा कायदा बव्हंशी त्याच पायावर उभा राहिला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण राज्य विमा योजनेत येणाऱ्या स्त्रिया वगळल्या तर या रजेचा सारा पगार मालकाच्या खिशातून जातो. मग नेमणुकीच्या मुलाखतीत तरुणीला आडवळणाने विचारले जाते की, लग्न कधी, मूल कधी. जिने उलट विचारले की, हा प्रश्न पुरुषाला विचारता काय, तिला ती जागा मिळत नाही. बोलणारी बाई येथे दोनदा मार खाते, एकदा बाई म्हणून आणि एकदा बोलली म्हणून. या साऱ्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या गेल्या आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मात्र खर्च कोणी उचलावा, हे मूळ दुखणे तिनेही बरे केलेले नाही.

आणि हे सारे संघटित क्षेत्राचे झाले. मुंबईत घरोघर धुणीभांडी करणारी, फुटपाथवर भाजी विकणारी, घरी बसून पापड लाटणारी किंवा नगावर शिवणकाम करणारी बाई या रजेच्या बाहेरच आहे. तिच्यासाठी राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली किमान सहा हजार रुपयांचे वचन दिले. २०१७ साली जी मातृवंदना योजना आली तिने पहिल्या मुलापुरते पाच हजार ठरविले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार देण्याची तरतूद झाली. पाच हजार रुपयांत मुंबईत तान्ह्या मुलाच्या आईने किती दिवस घरी बसावे, याचे गणित योजना आखणाऱ्यांनी एकदा चाळीतल्या खोलीत बसून करावे. घरकामाची बाई बाळंतपणासाठी दोन महिने गेली तर तिचे काम दुसरीला दिले जाते. ती परत येऊन ‘माझे काम मला द्या’ म्हणाली तर उद्धट ठरते.

न्यायालयाने काही वेळा या बाईच्या बाजूने कौल दिला आहे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही प्रसूतिलाभ मिळाला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये दिला. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या, खोदकाम करणाऱ्या या बाया गप्प बसल्या असत्या तर तो निकाल लागला नसता. त्या आपल्या संघटनेमार्फत बोलल्या म्हणूनच कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचला. बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरत्या पाळणाघरांचे काम सुरू केले आणि पुढे ते मुंबईतही आले. पाळणाघर ही चैन नसून मजुरीइतकीच निकडीची वस्तू आहे, हे त्या कामाने दाखवून दिले. दुसरीकडे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका आजही ‘मानधना’वर राबतात. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगायलाही सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. दुसऱ्यांची मुले सांभाळणारी बाई आई असते तेव्हा तिचे मूल कोण सांभाळते, हा प्रश्न शासनाने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

येथपर्यंत शासन आणि मालक यांच्यावर बोट ठेवणे सोपे आहे. समतेच्या चळवळीने आता स्वतःकडे वळून पाहिले पाहिजे. पक्षाच्या शाखेची बैठक रात्री आठ-साडेआठला भरते, कारण तोपर्यंत पुरुष कार्यकर्ते कामावरून येऊन जेवलेले असतात. त्या वेळी घरात कोण ताट वाढते आणि कोण मूल निजवते? बैठक लांबते, शेवटची गाडी गाठावी लागते. शिबिरात स्त्रीमुक्तीवर व्याख्यान होते आणि त्याच शिबिरात रडणारे मूल घेऊन आईनेच मंडपाबाहेर जावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. बाप जागचा हलत नाही. तो टिपणे काढीत असतो. समितीवर स्त्री नेमताना ‘तिचे मूल लहान आहे, तिला त्रास नको’ असे कनवाळूपणे म्हटले जाते आणि तिला विचारण्यापूर्वीच तिच्या वतीने निर्णय होतो. हा कनवाळूपणा मालकाच्या कनवाळूपणाहून फारसा वेगळा नाही.

अशा वेळी मृणाल गोरे यांचे उदाहरण देण्याचा मोह होतो. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले तेव्हा पदरी लहान मुलगी होती. तरीही १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी लढताना ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२ पासून महागाईविरोधी आंदोलनात त्यांनी, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांनी पक्षभेद बाजूला ठेवून मुंबईच्या गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. हे उदाहरण प्रेरणा देणारे आहेच. पण त्याचा वापर सबबीसारखा होऊ नये. ‘मृणालताईंना जमले, मग तुला का जमू नये?’ हा प्रश्न साध्या कार्यकर्तीवर अन्याय करणारा आहे. असामान्य धैर्य असलेल्या बाईलाच आई होऊन बोलता येत असेल, तर तो व्यवस्थेचा पराभवच होय. सामान्य बाईला सामान्य धैर्याने ते जमले पाहिजे. समाजवादाचा अर्थ याहून निराळा नाही.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. आई होण्याचा हक्क मागताना आई न होण्याचा हक्क विसरून चालणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. मालतीबाई आणि त्यांनी स्वतः अपत्य होऊ दिले नाही. मूल कधी व्हावे, किती व्हावीत, व्हावेच काय, हे ठरविण्याचा अधिकार बाईचा आहे, हे त्या जोडप्याने शंभर वर्षांपूर्वी जगून दाखविले. बाईला हा निर्णय खऱ्या अर्थाने स्वतंत्रपणे घेता यावयाचा असेल तर ‘मूल की आवाज’ अशी निवड तिच्यापुढे ठेवता कामा नये. ज्या निवडीत दोन्ही बाजूंनी काही तरी गमावावेच लागते तिला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

यातून चळवळीपुढे काही कामे उभी राहतात. प्रसूतिलाभाचा खर्च सर्व मालक आणि शासन यांच्या सामायिक निधीतून व्हावा, म्हणजे बाईला नोकरी नाकारण्याचे निमित्त उरणार नाही. ही मागणी कामगार संघटनांनी मागणीपत्राच्या तळाशी न ठेवता वर आणली पाहिजे. असंगठित स्त्रीला बाळंतपणाच्या काळात किमान वेतनाइतकी रक्कम मिळाली पाहिजे. पाळणाघराची अट आस्थापनेतील कर्मचाऱ्यांच्या संख्येवर न ठेवता वस्तीवर ठेवली पाहिजे. महापालिकेने प्रभागाप्रभागात दवाखान्यासारखी पाळणाघरे चालविली पाहिजेत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, खाजगी कारखान्यातील बापाला कायद्याने एक दिवसही नाही. ती रजा सर्व बापांना मिळाली पाहिजे, आणि मिळाल्यावर त्यांनी ती घोंगडी ओढून निजण्यात घालवता कामा नये.

शासनाकडून हे मिळेपर्यंत वाट पाहण्याची गरज नसलेली कामेही आहेत. शाखेची बैठक ठरविताना ज्या कार्यकर्तीचे मूल लहान आहे तिला वेळ विचारावी. शिबिरात मुले सांभाळण्याची पाळी लावावी आणि त्या पाळीत पुरुषांची नावे आधी लिहावीत. बाळंतपणामुळे कोणाचे पद जाऊ नये. तिची जागा राखून ठेवावी आणि मधल्या काळात बैठकीचा वृत्तांत तिच्या घरी पोहोचवावा. या गोष्टींना ठराव लागत नाही, निधी लागत नाही. थोडी लाज आणि थोडी शिस्त लागते.

गिरणी कामगारांत आयुष्य घालविलेल्या उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘पण ऐकतं कोण?’ असे नाव दिले. तो प्रश्न आजही जागच्या जागी उभा आहे. बाया बोलतच आहेत, मूल काखेत घेऊनही बोलत आहेत. ऐकणाऱ्यांनी क्षणभर ते मूल आपल्या हाती घेतले, तर तिचे बोलणे पुरे होईल आणि त्यांनाही ते पहिल्यांदा नीट ऐकू येईल.