बदाम चालतात, डाळ चालत नाही?

तर झालं असं, की दोन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं महिन्याचं सामान भरायला गेलो. (नऊच्या आत. त्यानंतर पार्किंग मिळत नाही, हे वाकड-हिंजवडीकरांना वेगळं सांगायला नको.) मी ट्रॉलीत तूरडाळीची तीन पाकिटं टाकली, दुकानाच्या स्वतःच्या नावाची. तेल बघून परत येते तर ती गायब! त्यांच्या जागी टीव्हीवर झळकणारी तीन पाकिटं, किलोमागे ३८ रुपयांनी महाग. आणि आमचा नवरोबा अत्यंत निरागस चेहऱ्याने बिस्किटं न्याहाळतोय.

"डाळ कुठे गेली?"

"अगं, ही चांगली आहे."

"का चांगली आहे?"

"ब्रँडेड आहे ना!"

बास. यापुढे युक्तिवाद नाही, पुरावा नाही. हाच माणूस हेडफोन घेताना तीन आठवडे अठरा टॅब उघडून बसला होता. आतल्या ड्रायव्हरचा व्यास किती मिलिमीटर आहे हे त्याला तोंडपाठ होतं. आणि जी वस्तू रोज पोटात जाते तिचं पाकीट त्याने आयुष्यात एकदाही उलटं करून वाचलेलं नाही. मंडळी, हसू नका, तुम्हीही वाचलेलं नाही.

मी मूळची लातूरची. बाबांचं किराणा दुकान होतं. लातूर म्हणजे तुरीचं मार्केट आणि डाळमिलचं गाव. फटका कुठली आणि सव्वा नंबर कुठली, हे मूठभर डाळ तळहातावर घेऊन सांगायला मी सातवीत शिकले. त्यामुळे तेव्हापासून मला एक माहीत आहे. डाळमिलच्या मागच्या दाराने एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटं बाहेर पडतात. मोठ्या नावाची स्वतःची तूर नसते, शेतही नसतं. बऱ्याचदा मिलसुद्धा नसते. नाव असतं.

आता इथे आपल्यातले हुशार लोक म्हणतील, एकाच मिलमधून आलं म्हणजे एकच माल असं थोडंच आहे? बरोबर. ऑर्डर देणारा जसं सांगेल तसा माल मिल काढते. दाणा केवढा, तुकडा किती टक्के चालेल, पॉलिश हवं का नको. पण मग तुलना त्या गोष्टींची करा ना! पाकीट पारदर्शक आहे. डाळ दिसते. तुकडा दिसतो. मी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरून नवरोबाला दाखवली. महाग पाकिटात तुकडा जास्त होता. तर म्हणतो, "एखाद्या बॅचला होतं असं."

म्हणजे स्वस्तातल्या मालात खोट निघाली तर तो मालच वाईट, आणि महागातल्या मालात निघाली तर ती बॅच!

आता साखर घ्या. साखरेत ब्रँड कसला? साखर कारखान्यातून एस-३०, एम-३० अशा ग्रेडने निघते. एस बारीक, एम जाड. सुक्रोज साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वर असतंच, तसा नियमच आहे. उरलेल्या अर्ध्या टक्क्यात कंपनी असं काय भरणार आहे, की तुम्ही किलोला १२ रुपये जास्त द्यावेत? मिठाचंही तेच. खायचं मीठ आयोडीनयुक्त असलंच पाहिजे, ग्राहकाच्या हातात पडताना त्यात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन हवं. ते दुकानाच्या मिठालाही लागू आहे आणि जाहिरातवाल्या मिठालाही.

आंघोळीचा साबण तर खास बघण्यासारखा. मागे बारीक अक्षरात टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे साबणातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर ग्रेड १, मग ७०ला ग्रेड २, ६०ला ग्रेड ३. आणि त्याच रॅकवर 'बेदिंग बार' लिहिलेल्या वड्या असतात. तो प्रकारच वेगळा, त्याला ४० टक्केही चालतात. पुढे नटीचा फोटो आणि मागे 'बेदिंग बार' असं मी स्वतः पाहिलंय. आणि बिननटीच्या साबणावर ग्रेड १ लिहिलेलंही पाहिलंय. फोटोचे पैसे तुम्ही देताय, चरबीचे नाही.

असो. नवरोबाचा दुसरा मुद्दा होता, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला डोकं लावतेस?" मग मी एक्सेल काढलं. (इंजिनिअरला भांडणात एक्सेल काढायची परवानगी असते.) महिन्याचं बिल सुमारे ८,७०० रुपये. डाळी, साखर, मीठ, पोहे, रवा, साबुदाणा, फरशीचं फिनेल, धुण्याची पावडर, एवढंच बदललं तर महिन्याला ११०० रुपये वाचतात. वर्षाचे १३,२००. आमचा घराचा हप्ता ३८ हजार आहे, म्हणजे साधारण एकतृतीयांश हप्ता. हा आकडा एरवी मलाही मोठा वाटला नसता. पण गेल्या वर्षी त्याचं प्रोजेक्ट बंद झालं आणि तो अडीच महिने बेंचवर होता. दोघांच्याही घरी आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्या अडीच महिन्यांत रात्री अकरा वाजता आम्ही बँकेचं अ‍ॅप उघडून बसायचो. हप्ते मोजायचो, फ्लॅट विकला तर काय, इथपर्यंत बोलून झालं होतं. आणि शनिवारी ट्रॉलीत मात्र जाहिरातवाली साखर! तेव्हा मी गप्प बसले, कारण त्याला आधीच कमीपणा वाटत होता. आता नाही बसणार.

आणि आता माझं हुकमाचं पान. हा माणूस तीन वर्षांपूर्वी ऑनसाइटहून आला तेव्हा बॅगेत काय होतं? कर्कलंडचे बदाम. मोठी मोठी पाकिटं. आत्याला एक, मामांना एक, शेजारच्या काकूंना एक. सगळ्यांनी "अमेरिकेचे बदाम" म्हणून कौतुकाने घेतले. तर मंडळी, कर्कलंड म्हणजे काय? कॉस्टको नावाच्या दुकानाचा घरचा ब्रँड. १९९५ साली सुरू केला आणि नाव दिलं ते जिथे तेव्हा त्यांचं मुख्यालय होतं त्या गावाचं. म्हणजे वाकडच्या दुकानाने डाळीच्या पाकिटावर 'वाकड' छापावं, तसं. तिथल्या दुकानाच्या नावाचे बदाम चालतात, सातासमुद्रापलीकडून वजन भरून आणावेसे वाटतात. मग इथल्या दुकानाच्या नावाची डाळ ट्रॉलीतून गुपचूप काढून का ठेवता?

आणि आपण स्वतः काय करतो हो दिवसभर? हिंजवडीत बसून कोड लिहितो, आणि तो कुणाच्या नावाने खपतो? क्लायंटच्या. स्क्रीनवर लोगो त्यांचा, रात्री दोन वाजता उठून प्रॉडक्शन सावरणारे आपण. आपण अख्खेच्या अख्खे दुसऱ्याच्या पाकिटातली डाळ आहोत. आपलं नाव पाकिटावर नाही म्हणून आपला माल हलका असतो का? हे मी म्हटल्यावर नवरोबा पहिल्यांदा गप्प झाला.

गप्प झाला, पण पटलं नाही. म्हणून मी एक प्रयोग केला. तीन आठवडे जुन्या स्टीलच्या डब्यात दुकानाची डाळ भरली आणि काही बोलले नाही. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "आज आमटी मस्त झालीय." मग मी सांगितलं. विज्ञानाच्या दृष्टीने हा प्रयोग चोख होता, संसाराच्या दृष्टीने फसवणूक होती. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्यात चूक माझीच होती. करू नका असलं काही.

तिसऱ्या दिवशी बोलला. सासरे इचलकरंजीला यंत्रमागावर होते. "आमच्याकडे लहानपणी सगळंच बिननावाचं होतं," तो म्हणाला. "रेशनची साखर, सुट्टा चहा, कागदात गुंडाळलेला साबण. दिवाळीला एकच मोती साबण यायचा, तो भाऊबीजेपर्यंत पुरवायचा. नोकरी लागली तेव्हा ठरवलं होतं, आपल्या घरात बिननावाचं काही येणार नाही."

यावर मी काय बोलणार? त्या रात्री काही बोललेच नाही. पण त्या ठरवण्यावर टीव्हीवाले पैसे कमावतायत, याचा मला राग येतो. आणि नीट विचार केल्यावर उत्तरही सापडलं. त्या वेळच्या सुट्ट्या मालाचा त्रास नाव नसण्याचा नव्हता. खडे निघाले, साखर ओली निघाली, तर जाब विचारायला माणूस नव्हता, हा त्रास होता. आज दुकानाच्या पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, तारीख असते, अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर असतो. तो सरकारी साइटवर टाकला की कुणाचा ते कळतं. किलोचा किंवा ग्रॅमचा भावही छापावा लागतो. हे बिननावाचं नाहीये रे. हे आपल्या वाचण्याची वाट बघत पडलेलं आहे.

दुकान काही संत नाही, हेही सांगते. तो छापील दर एमआरपीवर काढलेला असतो, आणि एमआरपी फुगवून मोठी सूट दाखवायची खोड सगळ्यांनाच असते. तेव्हा भाव स्वतः भागून बघायचा. नजरेच्या उंचीवरचा माल स्वस्तच असेल असंही नाही, वाकून बघावं. एका दुकानाच्या कचऱ्याच्या पिशव्या मी स्वस्त म्हणून आणल्या, जिन्यात फाटल्या, आणि दोन मजले पुसत मी नवऱ्याचं हसणं ऐकलं. चहाच्या बाबतीत तर मी सपशेल हरले. साखर ही साखर असते, पण चहा हे मिश्रण आहे, तिथे चव कुणीतरी जुळवलेली असते. तीच गोष्ट मसाल्यांची. तिथे नावाला पैसे द्यावेत, माझी ना नाही.

तर तह झालाय. डाळी, साखर, मीठ, पोहे, रवा, फिनेल माझ्या अखत्यारीत. चहा आणि टूथपेस्ट त्याच्या. मोती साबण दिवाळीला येणार, त्याचा टीएफएम या घरात कुणी वाचायचा नाही.

काल सकाळी रव्याच्या रॅकपाशी तो दोन पाकिटं उलटी धरून इतका वेळ उभा होता, की मागे चार ट्रॉल्या तुंबल्या. मग तिथूनच ओरडला, "अगं, दोन्हीचा पॅकर एकच आहे!"

"हळू बोल," मी म्हटलं. मागच्या काकूंनी आपलं पाकीट उलटं केलं.