अशोककुमार नावाचा प्रतिवादी

चित्रपट कंपन्या आपल्या उच्च न्यायालयांत जे दावे दाखल करतात, त्यांतील प्रतिवादींच्या यादीत पुष्कळदा एक विलक्षण नाव आढळते: अशोककुमार. या नावाचा कोणी इसम नसतो. ज्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही, परंतु जो आपला चित्रपट उद्या चोरील अशी वादीला धास्ती आहे, त्या अनामिकाला न्यायालयीन व्यवहारात मिळालेले हे नाव. इंग्रजी न्यायपरंपरेतील ‘जॉन डो’चा हा देशी अवतार होय. 2002 साली फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने विनापरवाना दाखवणाऱ्या केबलचालकांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने असा हुकूम दिला आणि पुढे इंटरनेटवरील चोरीविरुद्ध हेच प्रमुख हत्यार ठरले.

या हत्याराची गरज नाही, असे कोणी समजू नये. 2016 साली ‘सैराट’ प्रदर्शित झाला, त्या सुमारासच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलवर फिरू लागल्या. ‘सैराट’ने तो आघात पचवला. परंतु ज्या मराठी चित्रपटाला जेमतेम एक-दोन आठवडे पडदा मिळतो, त्याचा निर्माता अशा चोरीने कर्जात बुडतो आणि प्रकाशयोजनेपासून रंगभूषेपर्यंत राबलेल्या कामगारांची थकलेली मजुरीही त्याच्यासोबत बुडते. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने या चोरीला ‘गरिबाची करमणूक’ म्हणून पाठीशी घालणे हा वैचारिक आळस आहे. (कलावंतांच्या नावाने गळा काढणाऱ्या कंपन्यांनी गीतकार-संगीतकारांचा मानधनातील न्याय्य वाटा मान्य करावा यासाठी मात्र 2012 साली संसदेला कॉपीराइट कायदा दुरुस्त करावा लागला, हेही ध्यानात असू द्यावे.)

प्रश्न आहे तो हुकमाच्या व्याप्तीचा. ज्या सुनावणीत एकच बाजू हजर असते, तेथे गैरहजर माणसाचे हित कोण पाहणार? 2012 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका हुकमावरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी संपूर्ण संकेतस्थळेच बंद केली. केवळ चोरीच्या नेमक्या पत्त्यांपुरताच हुकूम आहे, असा खुलासा मागाहून न्यायालयाला करावा लागला. तरीही 2017 साली त्याच न्यायालयाच्या हुकमाखाली अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी निघाली आणि तीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा बळी गेला. आपल्याकडच्या ग्रंथालयांत न मिळणारी शेकडो जुनी मराठी पुस्तके ज्या भांडारात विनामूल्य वाचता येतात, ते भांडार दोन हिंदी चित्रपटांच्या रक्षणार्थ बंद झाले! वाचकांची बाजू मांडायला त्या सुनावणीत कोणी नव्हते.

याच्या अगदी उलट वाट मुंबई उच्च न्यायालयाने दाखवली होती. 2016 साली ‘ढिशूम’ चित्रपटाच्या दाव्यात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला. प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र छाननी करा, वकिलांनी ती तपासावी, मग शपथेवर यादी द्यावी. आणि ज्याचे पान बंद झाले त्याला कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या दाव्यातील हुकमाने ते झाले आणि दाद कोठे मागायची, हे त्या पानावरच कळले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. नुसता चित्रपट पाहणाराही गुन्हेगार आहे असे भासवणारी सूचना त्या पानांवर झळकू लागली, तेव्हा तीही त्यांनी दुरुस्त करावयास लावली. गुन्हा पाहण्यात नाही, विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन आणि विक्री यांत आहे, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. गैरहजर नागरिकासाठी राखलेली ही जागा होती.

पुढे न्यायालयांचा वारा फिरला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 साली असा मार्ग काढला की, बंद केलेले संकेतस्थळ नाव बदलून परतले तर वादीने प्रतिज्ञापत्र द्यावे आणि सहनिबंधकाने मूळ हुकूम त्यालाही लागू करावा. 2023 साली तर अद्याप निर्माणच न झालेल्या कलाकृतींपर्यंत हे संरक्षण पोहोचले. नाव बदलणाऱ्या चोराच्या मागे दरवेळी नवा दावा घेऊन धावणे अशक्य आहे, हा युक्तिवाद खोटा नव्हे. परंतु न्यायाधीशाची तपासणी अशा रीतीने कचेरीतील नोंदीवर येऊन ठेपते, याची खंत कोणालाच वाटू नये?

आता हा अशोककुमार हिंगोली जिल्ह्यातील सेनगावात आणून पाहू. परदेशात बसून संकेतस्थळ चालवणाऱ्या टोळीला दिवाणी हुकमाने फार तर नवे नाव घ्यावे लागते. तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्त करणारा आणि गिऱ्हाइकाला दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारा पोरगा मात्र नावगावासह पोलिसांच्या हाती लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ठरवले आहे. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातील दुरुस्तीने चोरट्या चित्रीकरणासाठी तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडही आणला.

एवढ्यावर महाराष्ट्र थांबलेला नाही. झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाले यांच्यासारख्यांसाठी 1981 साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 2009 साली ‘व्हिडिओ पायरेट’ही दाखल झाला. म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने खटल्याविना एक वर्षापर्यंत तुरुंग, आणि सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. मिसाखाली ज्या चळवळीचे कार्यकर्ते आणीबाणीत गजाआड झाले, तिला ‘खटल्याविना’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपटाची चोरी हा गुन्हा आहे. त्याला आरोपपत्र, पुरावा आणि खटला आहे. या कायद्यातून तो वगळावा, ही मागणी विधिमंडळात व्हावयास हवी.

संकेतस्थळे बंद करणारा प्रत्येक हुकूम आणि त्यासोबतची यादी लोकांना वाचावयास मिळावी, बंदीला मुदत असावी आणि 2016 चा मुंबईचा दंडक सर्व उच्च न्यायालयांनी नियम म्हणून स्वीकारावा, या मागण्याही तिला जोडल्या पाहिजेत. पण तालुक्यातल्या कार्यकर्त्याला विधिमंडळाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. उद्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानावर छापा पडला तर फिर्याद कोणाची, कोणत्या चित्रपटाबद्दल, कोणत्या कलमाखाली आणि जप्तीचा पंचनामा झाला की नाही, हे चार प्रश्न त्याने पोलीस ठाण्यात जाऊन विचारावेत. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे त्याच दिवशी पोहोचता करावा.