विश्लेषण : सुट्टीचा आठवडा जमा केला, मग नियमच बदलला! टाइमशेअर अदलाबदलीत सदस्याचे काय?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि शाळाही बंद असतात. अशा वेळी धंतोलीतल्या एखाद्या कुटुंबाला महाबळेश्वरचा आठवडा सोन्याहून मोलाचा. समजा, अशाच एका कुटुंबाने १५ वर्षांपूर्वी काही लाख रुपये भरून तिथल्या रिसॉर्टमधला मेचा आठवडा घेतला. यंदा मुलीच्या प्रवेशपरीक्षेमुळे जाता येत नाही, म्हणून तो अदलाबदल कंपनीकडे जमा केला. दिवाळीनंतर गोवा मागायला गेले तर उत्तर आले : नियम बदलले आहेत, तुमच्या आठवड्यात आता गोवा बसत नाही.

अदलाबदल चालते कशी?

टाइमशेअरमध्ये खोली मालकीची होत नाही, दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क मिळतो. क्लब महिंद्राचे मूळ सदस्यत्व २५ वर्षांचे. वार्षिक देखभाल शुल्क वेगळे, जा अथवा न जा. दरवर्षी तेच ठिकाण नको, म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही अदलाबदल कंपनी निघाली. आपला आठवडा सामायिक साठ्यात टाकायचा, दुसऱ्याचा उचलायचा. कोणत्या आठवड्याचे वजन किती, हे ठिकाण, हंगाम आणि मागणी पाहून कंपनी ठरवते.

मग नियम बदलूच नयेत?

असे म्हणता येणार नाही. २५ वर्षांत पर्यटनाची मागणी कुठल्या कुठे जाते. जुनेच वजन कायम ठेवले तर नव्या सदस्यांवर अन्याय होईल.

प्रश्न बदल कुठून लागू होतो, हा आहे. बँक व्याजदर कमी करते तेव्हा नव्या मुदत ठेवींचे दर घटतात, आधी ठरावीक दराने ठेवलेल्या एफडीला मुदतीपर्यंत जुनाच दर मिळतो. जमा केलेला आठवडाही ठेवच आहे. सदस्याने आपली सुट्टी आधीच सोडून दिली, कंपनीने ती दुसऱ्याला दिलीही असेल. त्यानंतर त्याचे वजन घटवणे म्हणजे माल घेऊन झाल्यावर भाव पाडणे. विमान कंपनीने माइल्सचे नियम बदलले तर प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे वळतो. इथे लाखो रुपये आधीच भरलेले असतात.

साठ्यातले आठवडे जातात कुठे, हाही जुना वाद. अमेरिकेत २००६ मध्ये सदस्यांनी आरसीआयविरुद्ध न्यू जर्सीत सामूहिक दावा केला. सदस्यांनी जमा केलेले आठवडे बाहेरच्यांना भाड्याने दिले जातात, असा आरोप होता. दावा तडजोडीने मिटला.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात टाइमशेअर अदलाबदलीचा थेट समावेश आहे आणि करारातून माघार घ्यायला १४ दिवस मिळतात. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. 'कंपनी नियम बदलू शकते' हे कलम सदस्याने सही करताना मान्य केलेले असते. बारीक अक्षरातले हे पान कोण वाचतो, हा भाग वेगळा.

पण सहीने सगळे संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या, त्याच्यावर अवाजवी अट लादून नुकसान करणाऱ्या अटी त्यात येतात. ही तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते आणि आयोग अशी अट रद्द ठरवू शकतो. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे, त्यामुळे धंतोलीकरांना मुंबई गाठायची गरज नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

अर्थात एका आठवड्यासाठी वकील कोण लावणार? कंपन्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून करारातच एक ओळ हवी : आठवडा ज्या तारखेला जमा झाला, त्या तारखेचेच नियम त्याला लागू राहतील. तोवर आठवडा जमा करण्याआधी त्या दिवशीचे नियम आणि दाखवलेले वजन यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, पुढे तक्रार करताना तो पुरावा म्हणून जोडता येतो.