समदुःखितांचे गट आणि तज्ज्ञांची साशंकता

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयीचा पाहणी अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींची विचारपूस करून तो सिद्ध झाला होता. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी झाल्या प्रकाराची वाच्यता कोठेही केली नव्हती. पुढे २०१२ साली बालकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा आला. परंतु ज्यांच्या मौनाची नोंद त्या अहवालात झाली, ती मुले आता प्रौढ झाली आहेत. कोणी शाळेत शिकवीत असेल, कोणी कचेरीत बसत असेल, कोणाला स्वतःची मुले असतील. कायद्याने उद्याच्या बालकाची चिंता वाहिली. कालच्या बालकाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाला अमेरिकेत जी उत्तरे शोधली गेली त्यांपैकी एक म्हणजे स्वमदत गट. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच महिलांचे बचत गट डोळ्यांपुढे येतात. येथे अभिप्रेत असलेला गट निराळा आहे. एकाच प्रकारचे दुःख भोगलेली माणसे ठरावीक वेळी जमतात, बोलतात, ऐकतात. तेथे कोणी वैद्य नसतो आणि कोणी रोगी नसतो. १९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद यांनी मद्यासक्तांसाठी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची स्थापना केली, ती या परंपरेची सुरुवात मानली जाते. १९७० च्या सुमारास व्हिएतनामहून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये असेच एकत्र जमू लागले. त्याच दशकात स्त्रियांच्या गटांतून घरातील अत्याचारांना प्रथमच वाचा फुटली आणि बालपणी असे अत्याचार सोसलेल्या प्रौढांचे स्वतंत्र गट १९८० नंतर उभे राहिले.

या इतिहासातील एक गोष्ट विसरता येत नाही. सैनिकांच्या बैठकींत रॉबर्ट जे लिफ्टन यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ जाऊन बसले, ते शिकविण्याइतकेच शिकण्यासाठी. भीषण अनुभवाचा आघात वर्षानुवर्षे टिकून राहतो, या निदानाला अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानग्रंथात स्थान दिले. त्यामागे अशा गटांतून पुढे आलेल्या साक्षींचा मोठा वाटा होता. म्हणजे या बाबतीत शास्त्र पुढे आणि पीडित मागे, असा क्रम नव्हता. तो बराचसा उलटा होता.

गटाचे सामर्थ्य तज्ज्ञांनीही नाकारलेले नाही. दुसऱ्यास मदत करणाराच अधिक सावरतो, हे तत्त्व फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडले. समूहोपचाराविषयीच्या १९७० च्या आपल्या ग्रंथात अर्विन यालोम यांनी ‘हे दुःख माझ्या एकट्याचे नव्हे’ या जाणिवेला उपचाराच्या मुख्य घटकांत स्थान दिले. बालपणीच्या अत्याचाराच्या बाबतीत या जाणिवेचे मोल विशेष आहे, कारण तेथे दुःखाइतकीच लाज माणसाला पोखरते. ‘दोष तुझा नव्हता’ असे डॉक्टरने सांगितले तर ते सांत्वन वाटते. तेच वाक्य समदुःखिताच्या तोंडून आले की त्याला पुराव्याचे वजन येते.

तरीही तज्ज्ञांची साशंकता निराधार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि शेवटी जगाशी पुन्हा नाते. ज्याची झोप उडालेली आहे, ज्याच्या मनात आत्मघाताचे विचार घोळत आहेत, अशा व्यक्तीने पहिल्याच बैठकीत सर्व उघड केले, तर जखम धुतली जाण्याऐवजी चिघळते. दुसरा आक्षेप मद्यासक्तांच्या पद्धतीचे अनुकरण करणाऱ्या गटांवर आहे. ‘आपण हतबल आहोत’ ही कबुली ही त्या मार्गाची पहिली पायरी. मद्यप्याचा अहंकार तिने उतरत असेल. पण ज्याला बालपणी हतबलच केले गेले, त्याच्याकडून तीच कबुली पुन्हा का घ्यावी? तिसरा आक्षेप स्मृतीविषयी आहे. इतरांच्या कथा ऐकून संशयाचे आठवणीत रूपांतर होऊ शकते. या प्रश्नावरून १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत कुटुंबे दुभंगली आणि न्यायालयांत कज्जे उभे राहिले.

हे आक्षेप मान्य करूनही एक उलटप्रश्न उरतोच. स्मृतींच्या त्या वादात न्यायालयात खेचले गेलेल्यांत व्यवसायाने उपचार करणारेही थोडे नव्हते. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत माणसाला बोलते करण्याची पद्धत व्यावसायिकांनीच रूढ केली होती. तिच्या चाचण्यांचा आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिचा लाभ दिसून आला नाही आणि काहींना तिने अपायच होण्याचा संभव दिसला. तात्पर्य, अकाली उकरून काढण्याचा दोष पदवी नसलेल्यांकडूनच घडतो असे नाही. गटाचा धोका तज्ज्ञ नसण्यात जितका आहे, त्याहून अधिक शिस्त नसण्यात आहे. हर्मन यांनीही गटांना विरोध केलेला नाही. एमिली शॅट्झो यांच्यासमवेत त्यांनी स्वतः ठरावीक मुदतीचे गट चालविले. आरंभीच्या गटाने आजच्या जगण्याविषयी बोलावे, भूतकाळाच्या कथनासाठी मुदतीचा आणि अनुभवी मार्गदर्शकाचा गट असावा, असे त्यांचे सांगणे आहे. हा क्रमाचा आग्रह आहे, निषेध नव्हे.

भारताच्या दृष्टीने हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते, लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता नव्हता. जेथे दवाखानाच नाही तेथे ‘गटात जाऊ नका, डॉक्टरकडे जा’ हा सल्ला प्रत्यक्षात ‘गप्प बसा’ असाच ठरतो. दिल्लीत १९९६ साली स्थापन झालेल्या ‘राही’ या संस्थेने कौटुंबिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांसाठी काम सुरू केले. पण एवढ्या मोठ्या देशात अशी ठिकाणे अपवादानेच आढळतात.

तज्ज्ञ आणि समदुःखित यांचे सहकार्य अशक्य नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले, ते डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉ. अनिल अवचट यांच्या प्रयत्नाने. आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच तेथे मदतनीसाचे काम मिळाले. मात्र हे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही. व्यसनी माणूस बरा व्हावा असे त्याच्या घरच्यांना वाटते. येथे अनेकदा घरच्यांनाच मौन हवे असते, कारण अपराधी घरातलाच असतो. तालुक्याच्या गावी, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे गुप्तता पाळणे हीच पहिली कसोटी ठरेल.

म्हणून नियम आधी हवेत, बैठक नंतर. कोणावरही बोलण्याची सक्ती नसावी. दुसऱ्याच्या आठवणीवर कोणी निवाडा देऊ नये. ऐकलेले बाहेर जाऊ नये. आणि एखाद्याच्या जिवाला धोका दिसल्यास त्याला त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे, हे आधी ठरलेले असावे. हा शेवटचा नियम तज्ज्ञांच्या सहभागाशिवाय पाळता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. तो कागदावरून उतरायचा तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाने गट चालविणाऱ्यांना शिकविले पाहिजे, अडल्यावेळी दार उघडले पाहिजे आणि एरवी बैठकीच्या बाहेर राहिले पाहिजे. धोका दाखविण्याचा तज्ज्ञांचा अधिकार निर्विवाद आहे. पण धोका दाखवून जो निघून जातो, त्याच्या इशाऱ्याला सल्ल्याचे मोल राहत नाही. वीस-तीस वर्षे एकट्याने वाहिलेले ओझे उतरविण्यासाठी जो आज धीर करून येईल, त्याला बसायला जागा आणि ऐकायला माणूस मिळावा, एवढी तरी व्यवस्था समाजाने केलीच पाहिजे.