पीलखान्यातले पाहुणे

आमच्या एका स्नेह्यांची कन्या गेल्या हिवाळ्यात थायलंडमधील सुरिन प्रांतात, बान ता क्लांग नावाच्या खेड्यात, पंधरा दिवस हत्तींची सेवा करून आली. या सेवेसाठी तिला विमानाच्या तिकिटाखेरीज एका संस्थेकडे बरीच मोठी रक्कम भरावी लागली होती, आणि ‘घरी दोन म्हशी होत्या तेव्हा हिने कधी शेणाला हात लावला नाही, आता परमुलखात पैसे मोजून शेण काढून आली,’ हा तिच्या आजीचा शेरा आम्ही सर्वांनी हसून साजरा केला. परंतु मुलगी चाळीसएक छायाचित्रे दाखवीत असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांत हत्तीण होती, नदी होती, चिखलाने माखलेली ती स्वतः होती. ज्याच्या अंगणात ती हत्तीण बांधली जाते तो माहूत मात्र अवघ्या दोन चित्रांत होता, आणि त्यांपैकी एकात त्याचे मस्तक चौकटीबाहेर राहिले होते. हत्तिणीचे नाव तिला मुखोद्गत होते. माहुताचे नाव आठवण्यासाठी तिने दोनदा कपाळावर बोट टेकले आणि मग विषय बदलला.

ता क्लांग हे काही प्रवाशांसाठी वसवलेले गाव नव्हे. कंबोडियाच्या सरहद्दीला भिडलेल्या सुरिन प्रांताच्या त्या सपाट, कोरड्या मुलखात कुई नामक जमात पिढ्यानुपिढ्या हत्तींसह राहत आली आहे. रानहत्ती धरण्याची विद्या हे तिचे वतनच होते म्हणा ना. म्हशीच्या कातड्याचा जो लांब दोर या कामी वापरीत, त्यास ते ‘पाकाम’ म्हणत, आणि त्याच्या ठायी पूर्वजांचा वास मानून त्याची आराधना केल्यावाचून रानात पाऊल टाकीत नसत. गेल्या शतकाच्या मध्यास सरहद्द ओलांडून कंबोडियाच्या रानात जाणे दुष्कर झाले व ही हत्तीधरणी बंद पडली. हत्ती मात्र घरोघर राहिले. मेलेल्या हत्तींसाठी या गावात मठाच्या आवारात स्वतंत्र दफनभूमी आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या नात्याविषयी अधिक विस्ताराचे प्रयोजन उरू नये.

असे असता, परक्यांनी येऊन सेवा करावी अशी पाळी या गावावर का आली? थायलंडच्या उत्तर भागात हत्ती लाकूड ओढीत. 1988 च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडे महापूर आला, उघड्याबोडक्या डोंगरांवरून माती व ओंडके खाली येऊन शेकडो माणसे दगावली, आणि पुढील जानेवारीत सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता; पण त्या एका फर्मानाने हजारो हत्ती बेरोजगार झाले. सुरिनकडील गोष्ट थोडी निराळी. तिथे गावाभोवतीचे रान भातशेतीखाली आणि निलगिरीच्या लागवडीखाली गेले, चारा आटला, आणि कुई माहूत आपापले हत्ती घेऊन थेट बँकॉकच्या रस्त्यांवर उतरले. वाटसरूंना केळी नि उसाची कांडी विकायची, ती त्यांनीच हत्तीला भरवायची, आणि त्या पैशावर माणसाने व जनावराने दिवस काढायचा, असा तो व्यवहार होता. तापलेल्या डांबरावर पोळणारे हत्तीचे पाय ज्यांना पाहवले नाहीत त्यांनी माहुताला क्रूर ठरवले, शहराच्या अंमलदारांनी त्यास हुसकून लावले. शेवटी तो तरला तो पर्यटकांच्या थैलीवर.

‘माहूत’ हा शब्द संस्कृतातील ‘महामात्र’ या शब्दापासून झाला, हे येथे नमूद केल्यास अप्रस्तुत होणार नाही. अशोकाच्या शिलालेखांत महामात्र हा राज्याचा मोठा अधिकारी आहे. तोच शब्द झिजत झिजत हत्तीच्या मानेवर येऊन बसला. आमच्याकडे मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत पीलखान्याची गणना होत असे, म्हणजे हत्तीच्या दाण्यावैरणीची बेगमी आणि माहुताचा रोजमुरा यांचा भार सरकारी दप्तरात पडे. दारी हत्ती झुलणे हे ऐश्वर्याचे लक्षण ठरले ते याचमुळे, की ज्याच्या पाठीशी खजिना नाही त्याने हा प्राणी बाळगण्याच्या भरीस पडू नये. दररोज दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा, शंभर लिटरांहून अधिक पाणी, आणि हे सारे साठ-साठ वर्षे! ता क्लांगमध्ये हा भार एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात येऊन पडलेला आहे. प्रांताच्या शासनाने तेथे हत्तीकेंद्र स्थापून माहुतांना वेतन देण्याची तजवीज केली हे खरे, आणि ते काम स्तुत्य आहे. परंतु पाहुण्यांच्या पैशावाचून गावाचे भागत नाही, हेही तितकेच खरे.

आता पाहुणे काय करतात ते पाहावे. स्नेह्यांच्या कन्येने सकाळी ऊस तोडला, हत्तीगवताचे भारे वाहिले, ठाण झाडले. उसाच्या पात्यांनी तिच्या हातांवर ओरखडे उठले होते, आणि तिच्या साऱ्या प्रवासात मला आदरणीय वाटले ते हे ओरखडे. कारण चाऱ्याचा भारा हत्तीच्या पोटात जातो. नदीतल्या स्नानाचे तसे नाही. हत्ती आपले अंग आपण धुतो, त्यावर माती उडवून घेतो, आणि या कामी त्याला कुणा पदवीधराच्या ब्रशाची गरज नसते. तरीही दिवसातून अनेकदा, प्रत्येक नव्या तुकडीसाठी, त्याला पाण्यात उतरवले जाते, कारण पाहुण्याने रक्कम भरलेली असते ती मुख्यत्वे त्या छायाचित्रासाठी. जानेवारी 2025 मध्ये थायलंडमधील को याओ याई बेटावर एक स्पॅनिश विद्यार्थिनी हत्तिणीला अंघोळ घालीत असता तिच्या सोंडेच्या वा सुळ्याच्या आघाताने मृत्यू पावली. दोष त्या मुलीचा मुळीच नव्हता, हत्तिणीचाही नव्हता.

‘फाजान’ या नावाने ओळखली जाणारी, पिलाला आईपासून तोडून खोड्यात जखडून वश करण्याची जी रीत आहे तिच्यावर हे पाहुणे अश्रू ढाळतात, आणि ढाळावेतच. परंतु परक्या माणसाचा हात अंगावर पडला असता जो हत्ती शांत उभा राहतो, त्याला ती शांतता कुणीतरी, केव्हातरी, बहुधा वेदनेच्याच मार्गाने शिकवलेली असते. आणि स्पर्शाची मागणी करणारा ग्राहक त्या शिक्षणाच्या खर्चात भागीदार होतो, मग त्याच्या अंगरख्यावर ‘स्वयंसेवक’ असे छापलेले असो वा नसो. माहुताच्या हातातील अंकुश तेवढा आपल्याला दिसतो. स्वतःच्या हातातील पाकीट दिसत नाही.

हे पाकीट किती बेभरवशाचे, ते 2020 साली दिसून आले. महामारीने विमाने थांबली, छावण्या ओस पडल्या, आणि चिआंग माईच्या परिसरातील शंभराहून अधिक हत्ती आपल्या कारेन जमातीच्या माहुतांसमवेत, कोणी दीडशे किलोमीटरपर्यंत पायपीट करीत, मे चेमच्या डोंगरातील गावांकडे परतले. ता क्लांगच्या लेकरांनीही पर्यटननगरे सोडून घर गाठले. त्या दिवसांत हत्ती जगवले ते गावच्या शेतांनी नि माहुतांच्या कर्जांनी. दूरदेशीच्या काही लोकांनी पैसे धाडले हे मान्य; पण ऊस तोडायला कोणी येऊ शकले नाही.

आपल्याकडेही फार निराळे नाही. 2025 मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली गेली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. मठाची श्रद्धा एकीकडे, हत्तिणीचे दुखरे पाय दुसरीकडे, असा तो वाद चालला. दोन्ही बाजूंस तथ्य होते असे माझे मत आहे. मात्र त्या सबंध गदारोळात माहूत या माणसाविषयी, त्याच्या वेतनाविषयी, त्याच्या शिक्षणाविषयी किती जणांनी एक अवाक्षर काढले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. गडचिरोलीतील कमलापूरचा सरकारी हत्तीकॅम्प पाहिलेले मराठी लोक जितके, त्यांहून चिआंग माईचे हत्ती पाहिलेले अधिक निघाले तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून कोणी जाऊच नये असे माझे सांगणे नाही. तरुणांनी जावे, उन्हाळ्यात जावे, कारण चाऱ्याची टंचाई तेव्हाच असते. मात्र रक्कम भरण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारावेत. माझ्या पैशातील किती भाग माहुताच्या हातात पडतो? चाऱ्यासाठी जमीन तुम्ही घेतली आहे काय, आणि किती? हत्तीला स्पर्श न करता मला पंधरा दिवस काम मिळेल काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून स्नानाचे रंगीत पत्रक आले, तर पैसे आपल्याजवळच ठेवावेत.

स्नेह्यांच्या कन्येने परवा तिकडे पत्र पाठवून माहुताचे नाव मागवून घेतले. ते तिने त्या मस्तक कापल्या गेलेल्या छायाचित्राच्या पाठीमागे लिहून ठेवले आहे.