डबा कंपनीचा, माल कुणाचा?

जुनी गाडी बाळगणाऱ्याला मिस्त्री एक प्रश्न हमखास विचारतो, "सर, कंपनीचा टाकू की लोकल?" या प्रश्नात मला काहीच गैर वाटत नाही. लोकल पार्ट स्वतःला लोकलच म्हणवतो. तो स्वस्त आहे आणि त्याचा भरवसाही बेताचाच, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. भंगारात निघालेल्या गाडीचा दरवाजाही आपले वय लपवत नाही. माझा आक्षेप आहे तो तिसऱ्या मालावर. डबा नामांकित कंपनीचा, वर चकचकीत होलोग्राम, किंमत निम्मी, आणि बिल मागितले की दुकानदार म्हणतो, "बिलाचं का करता जी?"

"नेहमी ओरिजिनलच घ्या" असे सांगणाऱ्यांची गाडी बहुधा वॉरंटीत असते. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. आमच्या घरीही एक आहे. पंधरा वर्षे उलटली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी गाडी ठणठणीत लागते. पण अशा गाडीचे सगळेच भाग शोरूममध्ये मिळत नाहीत. मग भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे, तिथे नाही मिळाले तर कबाड्याकडे जायचे. शिक्षक, छोटा शेतकरी, किराणा दुकानदार यांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या अशाच चालतात. त्यांना नैतिकतेचे धडे देण्यापूर्वी त्यांची गरज खरी आहे हे मान्य करायला हवे.

आणि आपल्या जिल्ह्याला धातू कळत नाही, असे कोण म्हणेल? भंडारा पितळेचे गाव. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, वरठीच्या कारखान्यात गाड्यांना लागणारे पोलाद तयार होते, गडेगावला अशोक लेलँडचे गिअरबॉक्स बनतात. इथली बाई गुंड घेताना बोटाने वाजवून बघते, जुने भांडे मोडीत घालताना तिची नजर तराजूवरून हलत नाही. पण ब्रेक पॅड वाजवून कळत नाही. गावात फिरताना नकली पॅडही गाडी थांबवतो. हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबला, दोन-चारदा जोरात ब्रेक दाबून पॅड तापले की मग फरक पडतो. हलके मटेरियल गरम झाले की पकड सोडते, कधी अस्तरच पत्र्यापासून सुटते. ऑइल फिल्टरचे दुखणे याहून छुपे. आतला कागद निकृष्ट असेल तर इंजिन महिनोन् महिने झिजत राहते आणि दोष मात्र जुन्या गाडीच्या माथी जातो.

म्हणून हदीसमधली धान्याच्या ढिगाची हकीकत मला इथे आठवते. प्रेषितांनी बाजारात एका ढिगात हात घातला, आत धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की मग ओले धान्य वर का नाही ठेवले, लोकांना दिसले असते. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. भिजलेला मालही विकता येतो, भिजलेला म्हणून. लोकल पार्टही विकता येतो, लोकल म्हणून.

चोरीच्या मालाची गोष्ट याहून पुढची आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि गुजरातेत इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. त्यांतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू असतात, म्हणून. इको कोण चालवतो? शाळेच्या मुलांची ने-आण करणारा, भाजी वाहणारा. एका रात्रीत त्याची रोजी थांबते. चोरीचे इतर भाग असेच कुणाच्या तरी गाडीला "स्वस्तात" बसतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाषेचा शिक्षक म्हणून त्यातल्या एका शब्दप्रयोगावर मी थबकतो. माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे "मानण्यास कारण असणे". निम्मी किंमत, बिल नाही, घासलेला नंबर, ही कारणे नाहीत तर काय? "मी विचारलंच नाही" हा बचाव तिथे लंगडा पडतो. विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर घेणाऱ्याला ती मिळत नाही, हे १९३० चा मालविक्री कायदा सांगतो आणि फिकहही तेच सांगते. पैसे मोजले म्हणून वस्तू आपली होत नाही.

मला काळजी आहे ती पोरांची. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजात किंवा भंगारच्या धंद्यात जातात. हात कसबी, कागद एकही नाही. गाडीवाला येतो आणि म्हणतो, "बघ ना कुठून तरी स्वस्तात." हे "कुठून तरी" पोराच्या गळ्यात पडते. उद्या चौकशी झाली तर गाडीवाला ग्राहक ठरतो आणि पोरगा टोळीतला. पुढे बातमीत त्याचे नाव येते आणि नावावरून सगळ्या वस्तीची ओळख ठरते. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फोडून विकल्या जात म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजारच बंद पाडला. बाजार बंद होतो तेव्हा सरळ धंदा करणाऱ्याचेही शटर खाली येते.

त्यामुळे बिल मागणे हा मिस्त्रीवरचा अविश्वास आहे, असे मला वाटत नाही. पक्के बिल त्यालाही वाचवते. जुना माल असेल तर तो कोणत्या गाडीतून काढला, तिचा नंबर काय, हे साध्या कागदावर लिहून घ्यावे. काच, सीट, बंपर, दरवाजा, वायपरची मोटर जुनी खुशाल घ्यावी. ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, टायर यांत मात्र घासाघीस नको. तिथे कंपनीचा परवडत नसेल तर महिनाभर बसने जावे.

आणखी एक. ओरिजिनल पार्ट बसवला की त्याचा डबा तिथेच फाडून टाकावा. रिकामे, धड डबे कोण गोळा करतो आणि कितीला घेतो, हे एकदा आपल्या मिस्त्रीला विचारून पाहा.